मालकीण मागून येतेय

कुत्र्याचे कागद चोख होते. इतके चोख, की मिस्त्रींच्या स्वतःच्या जन्माचीही एवढी नोंद कुठे सापडली नसती. लस कधी टोचली, रक्त कधी तपासलं, मानेतल्या चिपचा नंबर, रंग ('खाकी, डावा कान काळा'), स्वभाव ('शांत'). स्वभावाच्या रकान्यात मिस्त्रींच्या बायकोने धडधडीत खोटं लिहिलं होतं, पण अक्षर वळणदार असल्यामुळे ते खपून गेलं होतं.

सकाळी दहाला बोट परदेशाच्या धक्क्याला लागली. उतरल्या उतरल्या प्राणी तपासणीचं कार्यालय. तिथल्या खिडकीत बसलेल्या शिक्केवाल्या बाईंनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"मालकीण कोण?"

लेकीने बापाकडे पाहिलं. बापाने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याचं नाव साहेब होतं आणि ते नावाला जागून असल्यामुळे त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

"कागदावर बाईंचं नाव आहे," शिक्केवाल्या बाई म्हणाल्या. त्या परक्या मुलखातल्या असूनही मिस्त्रींची भाषा बोलत होत्या. "दचकू नका. माझी सासू तुमच्याकडची. भांडण्यापुरती भाषा येते. तर, त्या कुठायत?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं, आणि ते तीन अक्षरांचं होतं. मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"मागून येतेय," ते म्हणाले.

लेकीच्या हातातून पट्टा सुटला. साहेब जागचे हलले नाहीत.

"नियम सांगते," बाई म्हणाल्या. "कुत्रा मालकाबरोबर यायला हवा. नाहीतर मालकाने पाच दिवसांच्या आत इथे येऊन सही करायला हवी. नाही आला, तर कुत्रा परत. एकटा, पिंजऱ्यात, मालवाहू बोटीने. आणि तिकडे पोचल्यावर चार महिने कोंडून. वय काय ह्याचं? अकरा? मग बघा बाबा. पाच दिवसांत येतील ना?"

"ती शब्दाची पक्की आहे," मिस्त्री म्हणाले, आणि शिक्का धाडकन बसला.

बाहेर आल्यावर लेकीने बॅग रस्त्यात आपटली.

"बाबा! आई मागून येतेय?"

"मग काय सांगायचं होतं?"

"जे आहे ते! मालक बदलायचा फॉर्म असतो. कारण लिहायचं, सही ठोकायची. दहा मिनिटांचं काम."

"त्यात कारण लिहावं लागतं," मिस्त्री म्हणाले आणि बॅग उचलून चालू लागले.

बायकोला जाऊन अकरा महिने झाले होते. ती गेली त्या दुपारी मिस्त्री एका एकोणीस मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात दुरुस्तीला उतरलेले होते. तिथे फोनला रेंज नाही. तिकडे घरी जे व्हायचं ते वीस मिनिटांत होऊन गेलं. मिस्त्री हात पुसत घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि सगळ्यांचं एकमेकांना सांगून झालं होतं. ज्याला त्याला वाटलं, ह्यांना कुणीतरी सांगितलंच असेल. मेहुण्याने खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी मान हलवली. शेजारणीने पाणी दिलं. पण 'ती वारली' हे एवढं एक वाक्य मिस्त्रींना त्या दिवशी कुणी म्हटलंच नाही, आणि नंतर कुणी म्हणावं अशी वेळ उरली नाही.

मिस्त्रींच्या धंद्यात तोंडी बातमीवर कुणी चालत नाही. 'लिफ्ट बंद आहे' असं लेखी आल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा तीस वर्षांचा शिरस्ता. तेव्हा बायको आहे की नाही, ही तक्रार त्यांच्या लेखी अजून नोंदवलेलीच नव्हती. दाखला आला होता म्हणे. तो लेकीने कुठल्याशा फायलीत ठेवला आणि मिस्त्रींनी ती फाईल उघडली नाही. दारावर कुणी आलं तर ते सांगायचे, "ती घरात नाहीये." हे खोटं नव्हतं.

ही सहल तिनेच ठरवलेली. साहेबांना समुद्र दाखवायचा, असा तिचा एक वेडा हट्ट होता. तीन माणसं, एक कुत्रा, समुद्राजवळ आठ दिवस भाड्याचं घर. तिने तीन पासपोर्ट काढून आणले, साहेबांच्या मानेत चिप बसवली. तिचा कोरा पासपोर्ट आत्ताही मिस्त्रींच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. का आणला, हे लेकीने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, जोडी मोडू नये.

साहेबांचं आणि मिस्त्रींचं मात्र कधी जमलं नव्हतं. पिल्लू घरी आलं तेव्हा "एकतर हा राहील नाहीतर मी" असं मिस्त्रींनी जाहीर केलं होतं, आणि मग अकरा वर्षं दोघंही राहिले. साहेब त्यांना घरातला पोटभाडेकरू समजत. अडवत नसत, पण ओळखही दाखवत नसत.

भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट जुनी: सरकती लोखंडी जाळी, वर मजल्यांचे आकडे आणि त्यांवर फिरणारा पितळी काटा. मिस्त्रींनी तिच्याकडे, म्हातारा वैद्य अनोळखी पाहुण्याच्या नखांकडे पाहतो तसं पाहिलं. "केबल ठीक आहे. ब्रेक जरा कुरकुरतोय," ते म्हणाले. साहेब लिफ्टच्या जाळीसमोर बसले. समुद्र दोन मिनिटांवर होता. ओढून पाहिलं, बिस्किट दाखवून पाहिलं. साहेब तसूभर हलले नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी लिफ्ट आपोआप तळमजल्यावरून निघाली आणि पहिल्या मजल्यावर थांबली. कुणी उतरलं नाही.

"कुणीतरी बटण दाबून निघून गेलं असेल," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. साहेबांच्या शेपटीचं टोक हललं. नुसतं टोकच.

मिस्त्री जिने चढून गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत गेले. रिले तपासले, वायरी हुंगल्या. सगळं निरोगी. खाली येऊन म्हणाले, "रिले चिकटतोय." हे मात्र खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी काटा तीनवर येऊन थांबला. लेक चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली.

"बाबा, ही रोज एक मजला वर येतेय."

"जुनी आहे. दमते."

"बाबा."

"काय?"

"आज तिसरा दिवस. आत्ता जाऊन सांगून टाकू या. मी सांगते हवं तर. तुम्ही बाहेर थांबा."

"तू नको सांगू."

"मग तुम्ही सांगा! नाहीतर साहेबांना पिंजऱ्यात घालतील. जेवणार नाहीत ते. तुम्हाला माहितीये, आईच्या..." ती थांबली. "तेव्हा नऊ दिवस जेवले नव्हते. ह्या खेपेला नऊ दिवस निघणार नाहीत."

मिस्त्रींना ते माहीत होतं. तेव्हा साहेबांबरोबर नऊ दिवस आणखी कोण जेवलं नव्हतं, तेही माहीत होतं. ते दोघांनी एकत्र केलेलं एकमेव काम.

"पाच दिवसांची मुदत आहे," ते म्हणाले. "अजून दोन आहेत."

"मुदत कशाची, बाबा? ती येण्याची?"

मिस्त्रींनी यावर खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं.

चौथ्या दिवशी लिफ्ट चौथ्या मजल्यावर आली. आधी खाली कुरकुर, मग केबलचा तो ओळखीचा सुस्कारा, काटा एक, दोन, तीन, चार. साहेब उठून उभे राहिले. जाळीआड कुणी नव्हतं. आत पिवळा दिवा आणि धूळ खाल्लेला आरसा, बस्स. पण साहेबांची शेपटी अशी फिरायला लागली की भिंतीवरची छत्री खाली पडली. मिस्त्रींनी जाळी सरकवली. साहेब दोन पावलं मागे सरले, कुणाला वाट द्यावी तसे, आणि मग कुणाच्या तरी पायात पायात करत स्वयंपाकघरापर्यंत गेले. तिथे त्यांनी चार दिवसांत पहिल्यांदा ताटली चाटूनपुसून साफ केली.

मिस्त्री मात्र जाळी सरकवल्या सरकवल्या लिफ्टच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले होते. रिकामी लिफ्ट जरा वर थांबते, फरशीपेक्षा बोटभर. आत माणूस असेल तर वजनाने बरोबर फरशीला लागते. त्यांनी उंबऱ्यावर बोट फिरवलं. एका पातळीत होती. ते बघत असतानाच ती हलकेच वर सरकली, बोटभर.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"पंचावन्न किलो उतरले," मिस्त्री म्हणाले.

लेकीने तिसरी खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढली. का, ते तिलाच कळलं नाही. मग दोघं समोरासमोर बसून, मधल्या खुर्चीकडे न बघता, बेचव झालेला चहा प्यायले. बिस्किटांच्या पुड्यात तीन उरली होती. शेवटचं कुणी घेतलं नाही.

"अगं," मिस्त्री अचानक म्हणाले.

लेक दचकली. बाबा तिला कधी अगं म्हणत नसत. चौतीस वर्षं ती हाक एकाच माणसासाठी होती. बायकोचं नाव त्यांनी आयुष्यात तोंडाने घेतलं नव्हतं. 'अगं' म्हटलं की ती "आले" म्हणायची. साहेबांनी टेबलाखालून मान वर केली. तिघांनी वाट पाहिली. कुणी "आले" म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी, लेक दात घासत होती आणि मिस्त्री साहेबांच्या पट्ट्याचं ढिलं झालेलं बक्कल ठोकत होते, तेव्हा लिफ्ट आपोआप खाली गेली. साहेब तिच्या मागे गेले नाहीत. जाळीशी उभं राहून काटा शून्यावर येईपर्यंत बघत राहिले. मग येऊन, आजवर कधी नव्हे ते, मिस्त्रींच्या पायावर हनुवटी टेकून पडले. मिस्त्रींचा पाय बधिर झाला, पण त्यांनी तो दुपारपर्यंत काढला नाही.

तीन वाजता ते उठले. कोट चढवला.

"चला साहेब," ते म्हणाले. "सांगून येऊ."

"मी येते," लेक म्हणाली.

"दारापर्यंत ये. आत मी जातो."

धक्क्यापर्यंतच्या रस्त्यात ते एकच वाक्य घोकत होते. पोस्टाच्या पेटीपाशी ते घशापर्यंत आलं. कार्यालयाच्या पायरीवर जिभेवर. खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात फळीवर ठेवले.

"बाई, ते कुत्र्याचं... मालकीण आहे ना त्याची, ती..."

"झालं की ते," शिक्केवाल्या बाई मान वर न करता म्हणाल्या. "सकाळीच येऊन गेल्या."

मिस्त्रींच्या डोक्यात पहिल्यांदा लेकच आली. पण लेक सकाळभर समोर होती.

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची बायको. मला म्हणाल्या, हे दुपारी येतील आणि फळीला धरून उभे राहतील." बाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. "छान बाई. माझ्या टेबलावरची धूळ पुसून गेल्या, आगाऊपणा न वाटू देता. पासपोर्ट दाखवला, सही केली, आणि कुत्रा तुमच्या नावावर करून टाकला. हा घ्या फॉर्म. खाली तुमची सही राहिलीये."

फॉर्म खिडकीतून बाहेर आला. 'जुनी मालकीण' पुढे तिची सही होती, शेवटच्या अक्षराच्या शेपटाखाली दोन टिंबं देऊन. ती टिंबं ती का देते, हे मिस्त्रींनी लग्नानंतर विचारलं होतं. "सही संपली हे कळायला," असं ती म्हणाली होती. त्याखाली 'मालक बदलण्याचे कारण', आणि वळणदार अक्षरात दोन ओळी:

'मी वारले. ह्यांना सांगायला जमत नाही.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं.

"बाई, तुम्ही हे कारण वाचलंत?"

"मला तुमची लिपी येत नाही. सासू कधी लिहून भांडली नाही. रकाना रिकामा नसला की आमचं काम झालं." बाईंनी पेन पुढे केलं. "जुन्या मालकिणीशी नातं? तेवढं तोंडी सांगा, मी लिहिते."

"बायको," मिस्त्री म्हणाले. मग घसा खाकरला. "वारली. अकरा महिने झाले."

बाईंचं पेन थांबलं.

"अहो, पण सकाळीच तर..."

"हो," मिस्त्री म्हणाले. "तिला रखडलेलं काम बघवत नाही."

त्यांनी सही केली. नंतर काही वेळ विचार करून खाली दोन टिंबं दिली. कोटाच्या आतल्या खिशातून तिचा पासपोर्ट काढून उघडला. पहिल्या कोऱ्या पानावर आजच्या तारखेचा शिक्का होता, आणि शेजारी दुसरा, बाहेर पडल्याचा. शाई अंगठ्याला लागली.

बाहेर पायरीजवळ एक बाक होता. लेक त्याच्या एका टोकाला बसली होती. मधे जागा सोडून, का ते न कळता. साहेबांनी रिकाम्या जागेचा वास घेतला, सावकाश, शेवटपर्यंत. मग पाठ फिरवली आणि पट्टा ताणून समुद्राकडे निघाले.

"काय झालं?" लेक धावत बरोबरीला आली. "सांगितलंत का?"

मिस्त्री अंगठ्याची शाई बघत होते.

"तुझी आई वारली," ते म्हणाले.

लेकीचा चेहरा बदलला. तिने त्यांचा कोपर धरला. "बाबा, मला माहितीये ते."

"मला आज कळवलं," मिस्त्री म्हणाले. "लेखी."

आणि मग ते भर रस्त्यात, चौतीस वर्षांचं आणि अकरा महिन्यांचं मिळून, रडायला लागले. साहेब थांबले, मागे वळले आणि पोटभाडेकरूचं आवरेपर्यंत शांत उभे राहिले. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं, अगदी तसे.