गुरू तोलणारा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो, पण माझ्यात पाहून कुणी कधी भांग पाडला नाही. मी दुर्बिणीतला आरसा. सहा इंच रुंद, मधे किंचित खोलगट. सध्या बेला गावातल्या एका घरात फडताळात पडून आहे, आणि माझं तोंड पाहण्यासारखं उरलेलं नाही.

मला चारुशीलाने घडवलं. तिचे वडील व्यंकटराव महसूल खात्यात गिरदावर, म्हणजे जमिनींची मोजणी तपासणारे अंमलदार होते. पोरगी हैदराबादेला विद्यापीठात एम.एस्सी.ला, विषय ग्रहांचं भौतिकशास्त्र. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिने पडवीतल्या रिकाम्या पिंपावर एक काच ठेवली, तिच्यावर मला ठेवलं, मधे ओली कुरुंदाची पूड घातली आणि पिंपाभोवती गोल फिरत मला घासत राहिली. दोन महिने! त्या कर्रकर्र आवाजाने घर वैतागलं. व्यंकटराव कचेरीतून आले की विचारायचे, "काऊन वं, गुरू मोजून राह्यली का पीठ दळून राह्यली?" फक्त तिची आत्या मथुराबाई तिच्या सोललेल्या बोटांना खोबरेल लावायची. आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली. या घरात राख, चिंच आणि मोरी एवढंच तिचं राज्य.

माझा बाक केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही चुकला नाही. मग हैदराबादेत माझ्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा चढला. इथे नीट ऐका. तुमच्या घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागे लपलेला असतो. माझा समोर, अगदी उघडा. त्याला बोटही लावायचं नसतं. प्राध्यापक भगवंतरावांनी मला निरखलं आणि म्हणाले, "मुली, हात आहे तुला." मी फुगून गेलो. गर्वाचं घर खाली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक!

भगवंतराव त्या वर्षी एकाच विद्यार्थ्याला संशोधनासाठी घेणार होते. ती जागा हवी तर चारूने गुरू ग्रह तोलून दाखवायचा होता. ग्रह काही तराजूत घालता येत नाही. त्याचा चंद्र किती लांब जातो आणि किती दिवसांत फेरी पुरी करतो, यावरून त्याचं वजन काढतात. कॅलिस्टो नावाच्या चंद्राला जवळजवळ सतरा दिवस लागतात. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत, बेल्याच्या मोकळ्या आकाशाखाली, सतरा संध्याकाळी त्याची जागा टिपायची होती. नऊ झाल्या. दहाव्या दिवशी खंडेनवमी आली.

त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं पुजतात. विळा, कोयता, शिवणयंत्र, व्यंकटरावांची जमीन मोजायची साखळी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. आत्याने विचारलं, "चारू, तुयं हत्यार बी मांडू काय वं?" दुर्बिणीला हत्यार म्हणणारी घरात ती पहिलीच. चारू हरखली. "मांड ना आत्या," म्हणाली आणि झेंडू आणायला बाजारात पळाली. घासू नको, हे सांगायचं तिच्या मनातही आलं नाही.

आत्याने दुर्बिणीची नळी उघडून मला बाहेर काढलं. माझ्यावर नऊ दिवसांची धूळ होती. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, नारळाची शेंडी. पहिल्याच हाताला मुलामा निघाला. काळं निघतंय म्हणून तिने आणखी जोर लावला, कारण भांड्यातून काळं निघतं तेव्हाच ते साफ होतं, हे तिचं जन्माचं ज्ञान. मी काच. ओरडणार कशाने? मला धुऊन तिने पाटावर मधोमध ठेवलं. हळदकुंकू मात्र तिने वाहिलं नाही. विधवेने वाहायचं नसतं ना! ती दाराशी उभी राहून माझ्याकडे कौतुकाने पाहत होती.

चारू आली. माझ्याकडे पाहून तिच्या हातातली फुलं खाली पडली.

"लय काळं निघे माय!" आत्या म्हणाली. "आता पाह्य, कसा साफ झाला."

व्यंकटराव खदखदून हसले. "रडतं काऊन? बजारात धा आरसे भेटतात."

बापाला उत्तर द्यायची छाती चारूला नव्हती. मग वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ती आत्याकडे वळली. "तुया हात लागला का सगळं मरतेच. आधी नवरा, आता हे."

आत्याने राखेचे हात पदराला पुसले. चारूला कुणी दटावलं नाही. पूजा चालू राहिली, आरती झाली, आणि मलाही कुंकू लागलं.

भगवंतरावांचं कार्ड आलं: "नऊ दिवसांत फेरी पुरी होत नाही. कारणं मला तोलायची नाहीत." जागा दुसऱ्याला गेली. चारू उटनूरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. मला पुन्हा घासून, पुन्हा मुलामा देऊन उभं करता आलं असतं. तिला ते येत होतं. तिने केलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. नाजूक वस्तू घरात आणलीत, तर ती कशी धरायची ते घरातल्यांना सांगा. चारूने कॅलिस्टोची फेरी साऱ्या वर्गाला समजावली, पण माझं तोंड कुठल्या बाजूला आहे, हे आत्याला कधी सांगितलं नाही. आणि नाहीच सांगितलंत, तर निदान नंतर जीभ आवरा. तिने तीही आवरली नाही, आणि माफीही मागितली नाही.

तेरा वर्षांनी आत्या तापाने अंथरुणाला खिळली. सुट्टीत घरी आलेल्या चारूने तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. आत्याचा घसा कोरडा पडला होता, तरी तिने दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले.

"तूच पाज, पोरी," ती म्हणाली. "तुया पेल्याले माया हात नको लागाले."