नापास व्हायची तयारी

हेडबाई आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झाल्या नव्हत्या, आणि हे त्या कुणाला विसरूही देत नव्हत्या. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या समोर दिसल्या की वाणी आधी वजनकाटा पुसून घ्यायचा.

दम्यानं मात्र त्यांना पार जेरीस आणलं होतं. फाटकापर्यंत गेल्या तरी छातीत शिट्ट्या वाजायच्या. त्यात धाकट्या भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टचा पत्ता नाही. त्याची बायको काही वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडल्यापासून वरच खिळलेली. नणंद-भावजयीचं एरवी काय मेतकूट! एकमेकींना सांगितल्याशिवाय शिंकायच्याही नाहीत. आता हेडबाई खाली रस्त्यावर उभ्या राहून हात हलवायच्या, वरच्या खिडकीतून एक हात हलायचा, की झाली भेट. फोनवर बोलावं, तर भावजयीला ऐकू येत नव्हतं.

म्हणून मोठ्या दवाखान्यात दम्याच्या नव्या इंजेक्शनवर संशोधन चाललंय आणि रुग्ण हवेत, हे कळताच हेडबाईंनी नाव दिलं. एकदा जिना चढता आला पाहिजे, बस्स. सोबत भाऊ निघाला. हा गडी मॅट्रिकला तीनदा बसलेला, आणि तिन्ही निकालांच्या दिवशी शीळ घालत घरी आलेला.

नळीत फुंकायच्या तपासणीआधी काही काळ दम्याचा पंप घ्यायचा नाही, श्वास आहे तसा दिसला पाहिजे, असं नर्सनं बजावलं होतं. हेडबाईंनी मान डोलावली. पण तयारी न करता परीक्षेला बसायचं म्हणजे काय? घरी मेणबत्त्या विझवून सराव झाला. आणि तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून, बाईंनी पंपाचे दोन लांबलचक झुरके छातीत भरून घेतले.

"फुंका! फुंका! अजून, अजून, सोडू नका!" यंत्रावरची बाई ओरडत होती. हेडबाईंनी नळीत अशी फुंकर घातली, की त्या बाईनं स्क्रीनवरची रेघ दोनदा बघितली. "वा आजी! कमाल केलीत!" आजी म्हटलेलं बाईंना खपायचं नाही, पण आज खपलं.

डॉक्टर तरुण होती, नाकावर चष्मा, बोलायला गोड. "अभिनंदन. फुफ्फुसं ठणठणीत आहेत. तुम्हाला दमाच आहे का, अशी मला शंका येतेय. संशोधनात काही घेता येणार नाही."

"अहो, पण मी पास झाले ना?"

"म्हणूनच तर." मग तिनं कागदावरून नजर उचलली. "आधी पंप घेतला होता का?"

"छे!" हेडबाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि चपापल्या. हा "छे" त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. मोज्यात चिठ्ठी लपवलेली कार्टी अगदी ह्याच सुरात बोलायची. भाऊ छताकडे बघत राहिला.

बाहेर बाकावर मात्र तो भडकला. "ताई, तोंडाला पंपाचा वास मारतोय तुझ्या. वरती ती रोज विचारते, ताई कधी येणार, ताई कधी येणार. काय सांगू तिला? ताई पहिली आली म्हणून सांगू?"

"हळू बोल, गाढवा."

"जा आत आणि कबूल कर. काही होत नाही गं. कान तेवढे गरम होतात."

हेडबाई उठल्या. डॉक्टरच्या टेबलासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी कॉपी केली." बिचारीला कळेचना. सगळं उलगडून सांगावं लागलं. डॉक्टर हसली नाही, हे तिचे उपकारच. पंप हाताशी ठेवा, फारच धाप लागली तर खुशाल घ्या आणि फोन करा, नाहीतर पंप न घेता परत या, असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या खेपेला हेडबाई धापा टाकतच आल्या. नळी तोंडात धरली आणि अर्ध्यावरच हवा संपली. पडद्यावरची रेघ मान टाकून पडली. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"छान! हेच हवं होतं," यंत्रावरची बाई म्हणाली.

"पहिल्यांदा असंच वाटतं, ताई," भाऊ अनुभवाच्या अधिकारानं म्हणाला.

मग औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं, तर रेघ सरसर वर चढली. दमाच होता, शंकाच नको. डॉक्टरनं जुन्या तपासण्यांचे कागद मागून घेतले आणि एकेक करून चाळले.

"दर तपासणीला तुम्ही अशाच आधी पंप ओढून जात होतात?"

"तयारी नको का करायला?"

"आणि दर वेळी डॉक्टरांना वाटलं, बाई उत्तम आहेत. त्यांनी औषध कमी केलं. मग आणखी कमी केलं. तुम्ही आता जेवढं घेता ना, तेवढं आम्ही लहान पोरांना देतो." तिनं चष्मा काढला. "आमचं इंजेक्शन आहे ते, पुरेसं औषध देऊनही ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी. तुम्हाला पुरेसं कधी मिळालंच नाही. म्हणजे याही वेळी संशोधनात घेता येणार नाही. पण त्याची गरजही पडेलसं वाटत नाही. नेहमीचंच औषध नीट मात्रेत घ्या. महिना-दोन महिन्यांत फरक पडायला हवा."

"तीन मजले चढता येतील?"

"सावकाश चढलात तर, बहुतेक."

"हे नेहमीचं औषध... निघालंय कधी?"

डॉक्टरला उत्तर द्यायचं जिवावर आलं. "पूर्वीपासून आहे, बाई. तुम्हाला दमा लागला तेव्हाही होतं."

हेडबाईंनी जुने कागद पिशवीत कोंबले. स्वतःचा एवढा राग त्यांना जन्मात आला नव्हता. भर रस्त्यात मान वर करून हात हलवत उभं राहायचं, आणि औषध कोपऱ्यावरच्या दुकानात! भावाला चेष्टा सुचली नाही. त्यानं बहिणीची पिशवी उचलली आणि तिला हात धरून उठवलं.

"घरी जाऊन काय सांगू तिला?" त्यानं फाटकाशी विचारलं.

"सांग, ताई येतेय." हेडबाईंनी थांबून श्वास घेतला. "एवढी वर्षं का आली नाही, ते मात्र तू सांगू नकोस. ते मी वर येऊन, तिच्याजवळ बसून, माझ्या तोंडानं सांगणार आहे."