पहिल्या तासाचे साक्षीदार

वर्गातून टाळ्यांचा कडकडाट झाला आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईंच्या हातातला खडू मोडला. टाळ्या? मुलाखतीच्या तासाला? त्यांनी दोन्ही तुकडे पर्समध्ये टाकले आणि उठून दाराशी कान नेला. आत त्यांच्या आधीचा उमेदवार इतिहास शिकवत होता. उंचापुरा, कडक इस्त्रीतला, गोड हसणारा. तो एक वाक्य बोलायचा आणि पोरं प्रश्नांची अशी सरबत्ती करायची, की विचारू नका. कॉलेजचा पहिला दिवस, अजून एकमेकांची नावं ठाऊक नाहीत, आणि हा उत्साह!

जागा एकच होती, कायमची. बाई याच कॉलेजात कित्येक वर्षं तासांवर शिकवत होत्या. सुट्टी लागली की नोकरी संपायची, कॉलेज उघडलं की पुन्हा हात जोडून अर्ज. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. सकाळी नवरा म्हणाला होता, "अगं, होणारच या वेळी. तुझ्याएवढी जुनी वस्तू तिथे दुसरी उरलीय का?" दोघंही हसले होते, पण निघताना त्याने गुपचूप त्यांच्या चपला पुसून ठेवल्या होत्या.

निवड समितीने यंदा नवीनच टूम काढली होती. उमेदवाराने नव्या मुलांपुढे खराखुरा पहिला तास घ्यायचा आणि पहिल्याच दिवशी वर्ग बोलता करून दाखवायचा. हे वाचून बाईंना आतून गुदगुल्या झाल्या होत्या. बाकी काही नसेल, पण हे तर त्यांचं हक्काचं काम!

दार उघडलं. इस्त्रीवाला रुमालाने कपाळ टिपत बाहेर आला, "ऑल द बेस्ट हं, मॅडम" म्हणाला आणि निघून गेला.

मागच्या बाकावर समिती बसली होती. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. मुलं परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखी सैल बसली होती. बाई टेबलामागे गेल्याच नाहीत. पहिल्या बाकाला टेकून उभ्या राहिल्या.

"मघाशी मी बाहेर होते. तुम्ही सगळे आत होतात. इथे काय झालं, सांगा मला."

"म्हणजे काय, मॅडम?" एका चष्मेवाल्याने विचारलं.

"म्हणजे इतिहास. जे घडताना आपण तिथे नव्हतो, ते असलेल्यांना विचारायचं. सांग बघू."

"एक सर आले. शिकवून गेले."

"कशावरून?"

"फळ्यावर लिहिलं ना त्यांनी."

"फळा तर कोरा आहे."

"जाताना पुसला."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या!" चष्मेवाला म्हणाला. "डाव्या!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्गात खसखस पिकली. दोघं हमरीतुमरीवर आले.

"आता मी कुणाचं खरं मानू?" बाईंनी विचारलं.

"डाव्या म्हणणारा दाराजवळ बसलाय, मॅडम," एक मुलगी म्हणाली. "त्याला तिथून हात दिसतच नाही. खांब येतो मध्ये."

"वा! याला म्हणतात साक्षीदार तपासणं."

मग काय, पोरं सुटलीच. कोण कुठे बसलं होतं, कुणाला काय दिसलं, कोण डुलक्या घेत होतं, सगळं बाहेर पडायला लागलं. तज्ज्ञ पुढे सरकून भराभर काहीतरी लिहीत होते. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अजून काही? कुणीच न सांगितलेलं?"

खिडकीजवळची किडकिडीत मुलगी बाकाची कड धरून उभी राहिली. इतका वेळ तिने तोंड उघडलं नव्हतं.

"मॅडम, ते सर आज पहिल्यांदा नाही आले. परवा आम्ही ओळखपत्रं घ्यायला आलो, तेव्हाही आले होते. कुणी कोणता प्रश्न विचारायचा, ते त्यांनी वाटून दिलं. टाळ्या कधी वाजवायच्या, तेही. माझा प्रश्न मी विसरले, म्हणून मी गप्प बसले." मग तिने मागे बोट केलं. "ते मागचे सर त्यांना घेऊन आले होते. आजचे सर त्यांना मामा म्हणत होते."

बोट अध्यक्षांकडे होतं. प्राचार्य खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. तज्ज्ञांचं पेन थांबलं.

बाईंना काय वाटलं? खोटं कशाला बोला, आनंद झाला. सापडला! परक्या माणसासमोर उघडा पडला! आता कशी देतात बघू भाच्याला जागा!

"शाब्बास, बाळ," अध्यक्ष मधाळ आवाजात म्हणाले. "नाव काय तुझं? घरी कोण असतं?"

मुलीने नाव सांगितलं. "आई असते, सर."

"वसतिगृहात जागा मिळाली?"

"हो, सर. कालच."

"छान, छान. फीची सवलतही आपलीच असेल."

"हो, सर," मुलगी सुखावून हसली. तिला बिचारीला वाटलं, विचारपूस चाललीय. बाईंना तो आवाज पाठ होता. मागच्या वर्षी त्याच आवाजात ग्रंथपालाच्या मुलाबाळांची चौकशी झाली होती, आणि महिनाभरात ग्रंथपाल घरी बसला होता.

"सर, तिचं काही नाही त्यात," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं तिला. सकाळी जिन्यात भेटली होती. एक खोटा साक्षीदार पेरायचा आणि वर्ग त्याला पकडतो का, ते बघायचं. तासाचाच भाग आहे तो."

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मॅडम, पण मी तर..."

"पुरे. छान केलंस. बस खाली."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. ते वर्गाकडे वळले.

"असं होय! मग पकडलं का कुणी?"

"मी पकडलं, सर!" चष्मेवाला उठला. "परवा कुणीच आलं नव्हतं."

"मीही त्या दिवशी होते. मामा वगैरे कुणी म्हटलं नाही," खांबाचं सांगणारी मुलगी म्हणाली.

"प्रश्न आमचे आम्हीच विचारले."

बाकाबाकांवरून हात वर होत होते. आता कुणी काही वाटून दिलेलं नव्हतं, तरी एकेकाला कंठ फुटला होता. तज्ज्ञांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पेन उचललं. बाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, गप्प बसा, निदान गप्प तरी बसा! पण तासही त्यांचा होता आणि साक्षीदारही त्यांचेच.

किडकिडीत मुलगी अजून उभीच होती. तिने शेजारणीकडे पाहिलं, चष्मेवाल्याकडे पाहिलं, सगळ्यांत शेवटी बाईंकडे. मग तिनेही हात वर केला.

"हो, सर," ती अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली. "मॅडमनीच सांगितलं होतं."

तास संपल्यावर प्राचार्य बाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाले,

"झकास झाला हो तुमचा तास. जागेचं काय ते वरून ठरेल, ते तुम्ही जाणताच. पण अध्यक्षसाहेब खूश आहेत. सोमवारपासून तासांवर या, हाच वर्ग घ्या. एका बैठकीत किती शिकली पोरं तुमच्याकडून!"

"चालेल, सर," बाई म्हणाल्या.