इसरूबाबाची पंगत

देवाधर्माचं नाव निघालं की खुशाल टेंभुर्णे नाक मुरडायचा. ही सवय त्याला बापाकडून मिळाली होती. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतल्यावर सोमाजीने घरातले सगळे टाक आणि गोटे टोपलीत भरले, तलावाच्या पाळीवर, बांधावर, नेले आणि एकेक करून पाण्यात भिरकावले. आता ह्याच्यावर वीज पडते की ह्याला साप चावतो, हे बघायला अर्धं सावलटोला पाळीवर उभं होतं. काहीच झालं नाही. सोमाजी पुढे चांगला म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला, आणि पाळीवरच्या त्या बघ्यांबद्दलची तुच्छता तेवढी पोराला देऊन गेला.

पोरगा शिकला, शेतकी खात्यात विस्तार अधिकारी झाला आणि फिरत फिरत आपल्याच गावात नेमणुकीवर आला. सावलटोला म्हणजे वडशापासून सायकलच्या अंतरावरचं धानाचं गाव. तिथे त्याला तोंडावर सगळे साहेब म्हणत. पण लग्नकार्यात त्याच्या आईची, केसरबाईची, पत्रावळ अजून गोठ्याच्या बाजूला, वेगळ्या ओळीत पडायची. खुशाल असल्या पंगतींना जात नसे. केसरबाई जायची. "बोलावलं तं जाव लागते बाबू," म्हणायची. खुशालला आईचाही राग यायचा आणि बोलावणाऱ्यांचाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळी धानाला भाताच्या एका परदेशी संस्थेने नवं वाण लावून बघायला एक माणूस पाठवला. फिलिपिन्सचा. नाव रेमुंदो. गावाला वाटलं होतं, उंचापुरा गोरा साहेब मोटारीतून उतरेल. उतरला तो बुटका, सावळा, चपट्या नाकाचा माणूस, आणि उतरल्या उतरल्या चपला काढून धानाच्या बांधीतल्या चिखलात शिरला. लोकांची तोंडं उतरली.

"हा कायचा साहेब?" सरपंच बाबुलाल म्हणाला. "हा तं आपल्या ढिवरावानी दिसते."

बाबुलाल हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचा. मुकुट मंडळाला परत करावा लागे, पण आवाज तो वर्षभर राजाचाच वापरायचा.

रेमुंदोची सोय ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत झाली. खिडकीत त्याने वीतभर उंचीची एक लाकडी मूर्ती ठेवली होती. हात जोडून गुडघ्यावर बसलेला शेतकरी, आणि त्याच्या मागे बैलजोडीचा नांगर धरलेला पंखवाला देवदूत. खुशाल आणि रेमुंदो दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. खुशालने विचारलं, हा कोण?

"सान इसिद्रो. आमच्या गावाचा संत," रेमुंदो म्हणाला. "हा स्पेनमध्ये एका जमीनदाराकडे सालदार होता. कामाच्या वेळेला प्रार्थना करत बसायचा. जमीनदार रागावून बघायला गेला, तर हा गुडघ्यावर आणि नांगर देवदूत चालवतोय."

"म्हणजे कामचोर," खुशाल म्हणाला. "असे आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांचा नांगर बायका चालवतात."

रेमुंदो खो खो हसला. "माझी आई अगदी हेच म्हणायची. ह्याची बायकोही संत झाली. तिला तर व्हावंच लागलं असणार."

खुशालला हा माणूस आवडला. त्याच्या संताबद्दलचं मत मात्र तसूभर बदललं नाही.

मे लागला तसा रेमुंदो घरच्या आठवणी काढायला लागला. पंधरा मे हा त्या संताचा दिवस. त्यांच्याकडे गावागावाचा संत वेगळा आणि त्याचा दिवस वेगळा. कोळ्यांच्या गावचा संत होडीतून फिरतो, ह्यांचा शेतातून. त्या दिवशी घराघरावर भाताच्या पेंढ्या, भाज्या, फळं टांगतात. रेड्यांना घासून धुतात, शिंगांना तेल लावतात आणि चर्चसमोर नेऊन गुडघे टेकायला लावतात. आणि प्रत्येक घराचं दार उघडं. ओळखीचा येवो की परका, त्याला बसवून जेवू घालायचं. न विचारता.

खुशाल हे सगळं पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्यांना मराठीत सांगत होता. मनात म्हणत होता, इतका शिकलेला माणूस, वाणांची बारकी बारकी माहिती तोंडपाठ, आणि शेवटी रेड्याला गुडघे टेकायला लावतो. समुद्र ओलांडला तरी खुळेपणा तोच.

"हल्या गुडघे टेकते?" बाबुलालने तेवढंच पकडलं.

पंधरा तारखेला रेमुंदोने आपल्या खोलीचं दार, खिडकी, छपराची वळचण, सगळीकडे नव्या धानाच्या पेंढ्या टांगल्या. तलावातली मासोळी आणि कोंबड्या शिजल्या. गडचिरोलीहून मोठे साहेब जीप घेऊन आले. खोलीपुढचं अंगण चिंचोळं होतं, दुसरी ओळ बसायला जागाच नव्हती. दारात उभा राहून रेमुंदो येणाऱ्याचा हात धरायचा आणि पुढच्या रिकाम्या पत्रावळीवर बसवायचा. त्याला कोण कोणत्या मोहल्ल्याचा हे कळत नव्हतं, आणि विचारायची त्याची पद्धत नव्हती. असं करता करता बाबुलाल सरपंच बसला तो नेमका केसरबाईच्या शेजारी.

बाबुलालचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. त्याने उठायला एक गुडघा वर केला. समोर जीपवाले साहेब भात कालवत होते. त्याने गुडघा खाली घेतला.

"भात घ्या ना आखीन, बाबुलालभाऊ," केसरबाई म्हणाली. "लाजू नोका."

घरी जाताना खुशाल बायकोला म्हणाला, "पाह्यलं का? जीपले भिऊन बसला थो. संताले भिऊन नाई."

"बसला ना पन?" कांता म्हणाली.

आई पुढे चालत होती, आणि तिची चाल खुशालला जरा वेगळी वाटली. पण त्यावर विचार करणं म्हणजे त्या लाकडाला श्रेय देणं, म्हणून त्याने केला नाही.

पावसाआधी रेमुंदो गेला. जाताना त्याने मूर्ती खुशालच्या हातात ठेवली. "तुझ्याकडे राहू दे. पूजा करू नकोस. नुसती ठेव."

खुशाल अवघडला. बापाने तलावात बुडवलेलं घरात परत कसं आणायचं? तो मूर्ती घेऊन पंचायतीच्या ओट्यावरच उभा राहिला, आणि तिथे इसरू आला. इसरू हा मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी. तलावाची राखण करायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो ते चिंचेखाली निजून करायचा. जाळं टाकणं, मासोळी काढणं, वडशाच्या बाजारात नेणं हे सगळं त्याची बायको गोकुळा करायची.

"माह्याच नावाचा देव हाय म्हंते ना साहेब? द्या मले."

खुशालला हसू आलं. कामचोराचा संत कामचोराकडे, ह्याहून योग्य जागा कोणती? त्याने देऊन टाकला, आणि घरी जाऊन कांताला ही गोष्ट रंगवून सांगितली.

दसऱ्यापर्यंत चिंचेखाली सिमेंटचा ओटा झाला होता. दिवाळीला वर टिनाचं छप्पर आलं. सान इसिद्रोचा इसरूबाबा झाला. त्याला शेंदराचे इतके थर बसले की देवदूताचे पंख बुजले, बैल बुजले, आणि उरला एक लाल गोळा. बाबा रात्री स्वतः नांगर हाकतो, अशी बातमी निघाली. हाकलेलं शेत कोणी पाहिलं नव्हतं, पण ज्याने पाहिलं त्याला भेटलेली माणसं ढिगाने होती. इसरू आता निजायचा तेव्हा लोक म्हणायचे, बाबाची समाधी लागली. बाबुलाल उत्सव समितीचा अध्यक्ष झाला.

खुशाल रोज सायकलने त्या ओट्यावरून जायचा आणि थुंकायचा. ओट्यावर नाही, दुसऱ्या बाजूला. एवढा विवेक त्याने राखला होता.

"तुमीच देल्ला थो देव," गोकुळाने त्याला एकदा रस्त्यात गाठून सुनावलं. टोपलीत मासोळी होती, पाणी गळत होतं. "आंदी नुसता झोपत होता. आता झोपते आन् पाया पडून घेते. मले बी म्हंते, पाया पड."

खुशालला पहिल्यांदा वाटलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं उरलेलं नाही.

शहाऐंशीच्या पंधरा मेला पहिली जत्रा भरली. लाउडस्पीकर, पाळणा, भज्यांची दुकानं. मुख्य कार्यक्रम हल्याने गुडघे टेकण्याचा. बाबुलालने आपला हल्या माळा घालून, शिंगांना बेगड लावून आणला. चार गडी मागून पायांवर काठ्या मारत होते आणि बाबुलाल राजाच्या आवाजात ओरडत होता, "बस! बाबाले नमन कर!" उन्हाने तापलेल्या हल्याने एकदा बाबाकडे पाहिलं, एकदा तलावाकडे, आणि माळांसकट धावत जाऊन तो पाण्यात बसला. नाकपुड्या तेवढ्या वर. खुशालने त्या दिवशी गावात पाहिलेला एवढाच शहाणा जीव.

मग महाप्रसादाची पंगत. खुशाल जेवायला आला नव्हता, आईला शोधायला आला होता. केसरबाई सकाळीच लुगडं बदलून निघाली होती. "मांगल्या वर्सी बसलो होतो ना सगळे," एवढंच म्हणाली होती. ती त्याला सापडली पाळीच्या पलीकडच्या उतारावर. बौद्ध मोहल्ल्यातली आणखी दहा-बारा माणसं तिथे बसवली होती, रणरणत्या उन्हात. इकडे मांडवात पहिली ओळ उठून दुसरी बसली होती. तिकडे अजून पत्रावळीही पोचल्या नव्हत्या.

"मा, चाल घरी."

"वाढतेत म्हने ना बाबू. थांबाले सांगतलं." ती वर बघत नव्हती.

खुशाल मांडवात गेला. बाबुलाल वाढप्यांवर देखरेख करत होता.

"ह्या बाबाच्या जेवनात वेगळी पंगत नसते, बाबुलालभाऊ. तुमी सोता बसले होते मांगल्या वर्सी."

"थे पाव्हण्याचं घर होतं साहेब. हे देवस्थान हाय. देवस्थानाची रीत राह्यते."

"रीत? साल नाई झालं ह्या देवाले ओट्यावर बसून."

"हळू बोला. बाबा आयकून राह्यला."

खुशालच्या डोक्यात जे चढलं त्यात रागापेक्षा किळसच जास्त होती. हाताशी आलेला संतसुद्धा ह्या लोकांना एक वर्ष नीट ठेवता आला नाही. जेवू घालणारा देव मिळाला, त्याचाही ह्यांनी दरवान केला. तो ओट्यावर चढला. इसरू उठून बसला आणि बाजूला सरकला. खुशालने तो शेंदराचा गोळा दोन्ही हातांनी उपटला आणि काखेत मारला.

मांडवात हातातले घास हातात राहिले.

"देव उचलते का बे?" बाबुलालचा आवाज चिरकला. राजाचा नव्हता तो, त्याचा स्वतःचा होता.

"देव नाई, लाकूड हाय. माह्या दोस्तानं मले देल्लं होतं. ज्याले अडवाचं असन त्यानं या पुढं."

कोणी आलं नाही. बाबा आता काय करतो हे बघायला सगळे थांबले होते. बाबाने काही केलं नाही. खुशाल गर्दीतून चालत पाळीपलीकडे गेला, दुसऱ्या हाताने आईला उठवलं आणि घरी घेऊन आला.

कांताने रॉकेलच्या बोळ्याने शेंदूर काढला. खालून आधी बैल निघाले, मग पंख, मग तो हात जोडलेला माणूस. कांताने तो ट्रंकेवर रेडिओजवळ ठेवला. खुशालने कुरकुर केली, पण उचलला नाही.

ओटा रिकामा किती दिवस राहणार? पोळ्याच्या आधीच बाबुलालने नदीतून एक गोल धोंडा आणून बसवला आणि त्याला शेंदूर फासला. बाबाने रूप बदललं, अशी नवी बातमी निघाली. मूर्ती नेल्याचं कोणाला दुःखही उरलं नाही. उलट धोंडा पुसायला सोपा, असं इसरूच म्हणाला.

सत्त्याऐंशी साली बुद्धपौर्णिमा बाबाच्या जत्रेच्या दोन दिवस आधी आली. केसरबाई म्हणाली, आपण जेवण करू. दार उघडं ठेवू आणि जो येईल त्याला एका ओळीत बसवू. खुशाल म्हणाला, "कोनी येनार नाई. तुले माहीत नाई का हे लोक?"

"नाई येतीन तं आपन खाऊ."

मोहल्ला सगळा आला. गावातून उघडपणे, पुढच्या दाराने, एकटी गोकुळा आली. टोपली घराच्या ओट्यावर ठेवून सरळ केसरबाईजवळ बसली. बाकीचे वास घेत रस्त्यावरून दोन-दोनदा गेले, आत डोकावले आणि पुढे गेले. खुशाल दारात उभा राहून एकेकाला ओळखून ठेवत होता.

दुपारी उशिरा इसरू आला. हातात पितळेचा मोठा डबा. "सरपंचानं धाडलं. म्हने मटन हाय तं थोडं भरून आन."

"जेवाचं असन तं इथी येऊन बस म्हनाव. डबा भरून भेटनार नाई."

इसरूने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने डबा दाराआड ठेवला आणि पंगतीच्या टोकाला, गोकुळापासून लांब, बसला. खुशालने त्याला स्वतः वाढलं. इसरूने तीनदा भात मागितला, मटण दोनदा, आणि हाडं चोखून साफ केली. मग हात धुतला, रिकामा डबा उचलला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी खुशाल सायकलने चिंचेजवळून जात होता. ओट्यावर बाबुलालसमोर इसरू धोंड्यावर हात ठेवून शपथ घेत होता, की त्या घरचं पाणीसुद्धा आपण प्यालेलो नाही. खुशालला पाहून त्याचा आवाज जरासा अडला, पण त्याने शपथ पुरी केली. खुशालने सायकल थांबवली नाही. ह्या वेळेला मात्र तो ओट्याच्या बाजूलाच थुंकला.