साबणाला लागलेली वाळू

ही गोष्ट १९७१ सालची. मी तेवीस वर्षांची होते. तळ्याकाठी आमच्या दादाचं सहा खोल्यांचं पाहुण्यांचं घर होतं आणि शहरातले हौशी लोक सुट्टीत तिथे गळ टाकायला येत. त्यांना होडीतून नेमक्या जागी नेण्याचं काम गळकाका करत. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसावं. वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे होते. वय सत्तरीच्या आतबाहेर.

त्या वर्षी तक्रारी आल्या. दोन पाहुणे रिकाम्या हातांनी परतले. तिसऱ्याचा गळ बांधताना काकांनी तो स्वतःच्याच बोटात रुतवून घेतला.

दादा म्हणाला, "उद्या तू होडीत बस. त्यांना दिसतंय की नाही, तेवढं मला सांग. दिसत नसेल तर आता घरी बसू देत."

"घरी बसून करतील काय?"

"काकूंची बोलणी खातील."

तो हसला, मला हसू आलं नाही. दोन दिवस पाण्यावर गेले नाहीत तर काका अंथरूण धरत, हे त्यालाही माहीत होतं.

सकाळी एक निवृत्त हेडमास्तर पाहुणे होते. काका वल्हवत होते. तळ्याच्या मध्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, पाण्याची टाकी गिरणीच्या धुरांड्यामागे गेली का गं?"

काठावरची टाकी धुरांड्याआड गेली की माशांची जागा आली, ही त्यांची जुनी खूण होती. टाकी तर समोर पांढरीफेक दिसत होती. "नाही काका, अजून नाही."

त्यांनी वल्ही ठेवली आणि खिशातून कपडे धुण्याच्या साबणाचा तुकडा काढला. दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला खळगा होता. त्यात साबण दाबून बसवला आणि वजन तळाशी सोडलं.

"माशांना आंघोळ घालून पकडणार की काय?" मास्तर म्हणाले.

"तुमच्यासारख्यांसमोर यायचं तर नको?"

वजन वर आलं. साबणाला चिकटलेलं काळं काहीतरी काकांनी बोटांत चोळलं. "चिखल. डावीकडे जाऊ." दुसऱ्यांदा नुसती वाळू आली. तिसऱ्यांदा अर्धा चिखल, अर्धी वाळू.

"इथे चिखल संपतो. मोठे मासे याच कडेने चरतात. टाका गळ."

मी कानाशी जाऊन विचारलं, "मग ते दोन पाहुणे रिकामे परतले तेव्हा साबण का नाही काढलात?"

"लोक हसतात गं. टाकी धुरांड्यामागे गेली असं समजून थांबलो."

तासाभराने दोरा हलला. मास्तरांनी हिसका दिला आणि मासा निसटला.

"मास्तर, पोरगं उत्तर सांगायला लागलं की लगेच छडी उगारायचात का? बोलू द्या की त्याला!"

पुढच्या वेळी मास्तर ओठ दाबून थांबले. हाताएवढा मासा होडीत आला तेव्हा त्यांचा चष्मा पाण्याने भरला होता.

दादा धक्क्यावर उभा होता. मासा त्याने पाहिला, तरी विचारलंच, "दिसतं का त्यांना?"

दोरी गुंडाळणारे काकांचे हात थांबले.

"नाही," मी म्हणाले. "पण तळ त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. उद्यापासून वल्ही मी मारते, गळ मी बांधते. जागा ते सांगतील."

"हात सोलून निघतील तुझे."

"निघू देत."

दादा काकांकडे वळला. "काय म्हणता, काका?"

"वल्हं वाकडं धरते ती," काका म्हणाले. "पण शिकेल."

सहा वर्षं मी वल्हवलं. सातव्या वर्षी, सुट्टीचा हंगाम संपल्यावर, काका दुपारच्या झोपेतच गेले. काकू पुढे बरीच वर्षं होत्या. होडी दिसली की बडबडायच्या. मास्तर दरवर्षी येत, साबण घरून आणत. दादाने घर विकलं, तो मुलाकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. मी उशिरा लग्न केलं. नवरा पाण्याला भ्यायचा, पण माणूस चांगला होता.

शिशाचं ते वजन आज माझ्या खोलीचं दार अडवायला आहे. बुडाच्या खळग्यातला साबण दगडासारखा झालाय. वाळू अजून बोटांना लागते.