नवरीच्या नावाची रेघ

सांडोरच्या आम्ही सात जणी लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या दारात गाणी म्हणायचो. गाणी तोंडपाठ, जिचं लग्न, तिचं नाव गाण्यात घालायचं. सरकारी अनुदानासाठी गाणी लिहून मागितली, म्हणून मी नावाच्या जागी रेघ सोडून लिहून दिली. ‘माहिती अपूर्ण’ म्हणून अर्ज परत आला. ऑफिसात जाऊन समजावलं, तरी पुढच्या वर्षी पुन्हा परत.

तिसऱ्या वर्षी वैतागून मी सगळ्या रेघांवर सपकाळसाहेबांचंच नाव लिहिलं. अर्ज परत पाठवणाऱ्या पत्रांवर त्यांचीच सही असायची. या वेळी मंजुरीवरही त्यांनीच सही केली.

मंजुरीच्या पत्रात अट आहे, अनुदान घ्यायला सातही गायिका हजर हव्यात. आम्ही चौघी उरलोय.