दहावी सरी

"ख्रिस्ती माणसावर आज दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला देणं, बंधनकारक नाही," असं पाळकसाहेब म्हणाले मात्र, गुंडू आवळ्यानं मांडीवर थाप मारली आणि बायकांच्या बाजूला मान वळवून तो खुशीत म्हणाला, "ऐकलंस?"

ख्रिस्ती देवळात बुधवारचा शास्त्राभ्यास चालला होता. सगळी मंडळी वळून त्याच्याकडे बघायला लागली. खिडकीजवळच्या बाकावर पाळकसाहेबांची बायको प्रियदर्शनी बसली होती. तिला वाटलं, काका आपल्यालाच विचारतायत. "हो काका, ऐकलं की," ती गोंधळून म्हणाली.

गुंडूनं मान खाली घातली. त्या बाकावर बसणारी त्याची बायको सलोमी वैशाखात वारली होती, आणि आता गणपती उठूनही आठवडा झाला होता. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. रिकाम्या घराशी बोलायची त्याला सवय नव्हती, रात्री दचकून तिला हाक मारणाऱ्यांतला तो नव्हता. आजच चुकला, कारण आज तो जिंकला होता.

नवरा-बायकोत उभ्या संसारात एकच भांडण होतं, आणि ते दोघांनी जिवापाड जपलं होतं.

गुंडूचा बाप शमुवेल मिशनच्या बंगल्यावर माळी होता. त्यानं कसबा बावड्याच्या खालच्या अंगाला, नदीकडच्या रानात वीस गुंठे घेतले. गुंडू साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला, पण ड्यूटी सुटली की त्याचे पाय घराआधी रानाकडे वळायचे. वांगी, मेथी, मुळा, कोबी. सलोमी लग्न होऊन मिरजेकडून आली तेव्हा पहिल्याच हंगामात तिनं सऱ्या मोजल्या आणि दहावीच्या तोंडाला एरंडाची काटकी रोवली.

"ही देवाची."

"देवाला वांगी कशाला लागत्यात गं?" गुंडू हसला.

"देवाला न्हाईत लागत. तुमाला द्यायची सव लागाय पायजे."

गुंडू रविवारच्या शाळेत बक्षिसं मिळवलेला. त्यानं तिथल्या तिथं तिला ऐकवलं, की दशमांश हा मोशेच्या नियमशास्त्रातला भाग. आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत. सलोमी रोपं लावता लावता म्हणाली, "अब्राहामानं दशमांश दिला, तवा मोशे जल्माला तरी आलता व्हय?" गुंडूला उत्तर चार दिवसांनी, कारखान्यात पंपाचा नट आवळताना सुचलं, आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी त्यानं ते सांगितलं. तोवर सलोमीकडे दुसरं तयार होतं.

असं ते चाललं. नियमाला काटेकोर चिकटणारे परुशी लोक पुदिन्याचा आणि शेपूचा दशमांश द्यायचे, आणि न्याय-दया विसरायचे, म्हणून प्रभूनं त्यांची खरडपट्टी काढली, हा गुंडूचा लाडका मुद्दा. "व्हय, पर ते बी करा आन हे बी सोडू नका, असंच म्हणाला की त्यो. अर्धंच का वाचतासा?" ही सलोमी. त्या वर्षी तिनं मुद्दाम दहाव्या सरीत शेपू लावला. गुंडूला शेपूचा वास सोसायचा नाही. ती सरीशी वाकली की त्याला ऐकू जाईल अशा बेतानं गाणं म्हणायची.

एकदा त्यानंही तिची खोडी काढली. कोथिंबिरीची पेंडी सोडून एकेक काडी मोजत बसला आणि दहावी काडी बाजूला ठेवत गेला. "देवाचं चुकाय नको," म्हणाला. सलोमीनं शांतपणे त्या सगळ्या काड्या गोळा केल्या आणि खरोखरच देवळात नेल्या. पुढच्या रविवारी जुन्या पाळकसाहेबांनी, गुंडूभाऊंनी स्वतः निवडून दिलेल्या कोथिंबिरीबद्दल सगळ्या मंडळीसमोर आभार मानले. गुंडूचे कान लाल झाले होते.

शेजारच्या रानातला पिराजीसुद्धा त्या सरीला वचकून असायचा. पिराजी विठोबाला मानणारा, शेतकरी माणूस. एकदा त्याच्या म्हशीनं दावं तोडलं आणि नेमकी दहावी सरी फस्त केली. संध्याकाळी हा गडी आपल्या रानातले कोबीचे गड्डे डोक्यावर घेऊन बांधावर हजर. "वैनी, तुमच्या द्येवाचं आमच्या म्हशीनं खाल्लंय. माझ्या अंगावर नगं बाबा."

"म्हशीलाबी त्यानंच केलंय, भावजी," सलोमी म्हणाली. पण गड्डे ठेवून घेतले.

आणि महापुराचं ते वर्ष. पंचगंगा रानातनं घरात आली, पाच-सहा दिवस हटली नाही. पाणी ओसरल्यावर दोघं परतली तेव्हा रानात सरी काय, बांधसुद्धा ओळखू येत नव्हता. घरात गुडघाभर चिखल. गुंडूचं डोकं फिरलं. तो उंबऱ्यावर बसून ओरडला, "आता चिखलाचा दशमांश दे तुझ्या देवाला!"

सलोमीनं पदर खोचला, कोपऱ्यातलं खोरं उचललं आणि निघाली. गुंडूला वाटलं, रुसून गेली. तासाभरानं तो शोधायला निघाला तर ती नदीकडच्या गल्लीत, मंडळीतल्या बायडाबाईच्या घरात होती. बायडाबाई एकटी, पायानं अधू. सलोमी तिच्या घरातला चिखल ओढून बाहेर काढत होती. गुंडूला बघून थांबली नाही. "आपलं घर मागनं," एवढंच म्हणाली. गुंडूनं दुसरं खोरं हुडकलं. त्या दिवशी त्यानं वाद घातला नाही. पण हरलो असंही म्हणाला नाही.

उन्हाळ्यात साधा ताप म्हणून ती दवाखान्यात गेली, आणि आठवड्याच्या आत तिला मातीत ठेवून तो परत आला. पुण्याची लेक स्नेहल महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "बाबा, रान करायचं का आता?" गुंडू म्हणाला, "मग दुसरं काय करू?"

शास्त्राभ्यासाच्या दुसऱ्या दिवशी तो रानात गेला. सऱ्या पाडून तयार होत्या, वाफ्यात वांग्याची रोपं डोलत होती. पिराजी बांधावर येऊन टेकला.

"काय गुंड्या, त्वांड का बारकं झालंय?"

"आमच्या पाळकानं काल सांगितलं. दहावी सरी द्यायलाच पायजे असं काय न्हाय."

"मग सुटलास की लेका! जल्मभर हेच म्हणत आलास न्हवं?"

"व्हय. सुटलो."

तो रोपं लावत गेला. नववी सरी संपली आणि दहावीच्या तोंडाशी येऊन थांबला. लावावीत तर कुणाची म्हणून लावावीत? देवाची म्हणावं, तर जन्मभराचं आपलंच म्हणणं खोटं पडतं. आपली म्हणावं, तर हात पुढं होईना. शेवटी ती सरी तशीच ठेवून तो अकराव्या सरीला लागला. पिराजीनं ते पाहिलं, आणि तो तंबाखू मळत राहिला.

सरी रिकामी राहिली. पाणी पाजलं की तिच्यातही पाणी जायचं आणि नुसतं तण वाढायचं. गुंडू सगळं रान भांगलायचा, तेवढी सरी सोडून. जेवायला बसला की सरीकडे पाठ करून. असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर एका संध्याकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला आणि तो गावात पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेला.

पाळकाचं नाव आदर्श, वयानं तरुण, वर्षापूर्वीच कोल्हापुरात आलेला. त्यानं खुर्ची पुढं केली. गुंडू टेकला, पण पाठ टेकली नाही.

"पाळकसाहेब, एक इचारायचं हाय. अब्राहामानं दशमांश दिला, तवा मोशे जल्माला आलता व्हय?"

आदर्शला हसू आलं. "नव्हता आला. पण काका, अब्राहामानं एकदा दिला, आपल्या मनानं. तसा नेम कुणी घालून दिला नव्हता."

"बरं. मग प्रभू म्हणाला, ते बी करा आन हे बी सोडू नका. त्येचं काय?"

"ते परुश्यांना म्हणाला. ते नियमाखाली होते. प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलं तेव्हा दहावा भाग कुठंच म्हटलेला नाही. मनात ठरवाल तसं द्या, खुशीनं द्या, असंच सांगितलं."

"मन लबाड असतंय साहेब. ते ठरवायला बसलं की रोज कमीच ठरवतंय. आधीच काटकी रोवून टाकली की मनाला तोंड घालायला जागाच ऱ्हात न्हाय."

आदर्श थबकला. चहा घेऊन आलेली प्रियदर्शनीही दारातच थांबली. गुंडूच्या बोलण्याला धार चढली होती. एकामागून एक मुद्दे येत होते, कधी कधी तर आवाजही त्याचा राहत नव्हता, "अर्धंच का वाचतासा?" असंही तो पाळकसाहेबांना म्हणून गेला. आदर्शनं दोन-तीनदा उत्तर द्यायचा प्रयत्न केला, मग हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही दशमांशाच्या बाजूचे आहात हे मला ठाऊक नव्हतं."

"मी? मी न्हाय."

"मग हे सगळं?"

"हे तिचं हाय." गुंडूनं रुमालानं तोंड पुसलं. "माझं म्हणणं तुमच्यासारखंच. लागत न्हाय. पर तुमी बोललासा तवा ती न्हवती. तिची बाजू कोण मांडणार? मला सगळी तोंडपाठ हाय. म्हणून आलो."

आदर्शनं आपली खुर्ची जवळ ओढली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी ते का बोललो, सांगू? गेल्या महिन्यात कुणी एक बाहेरचा उपदेशक बायडाबाईंच्या घरी येऊन गेला. म्हणाला, तू देवाला पूर्ण दशमांश देत नाहीस, म्हणून तुझा पाय बरा होत नाही. त्या रडत इथं आल्या होत्या."

गुंडूच्या कपाळावरची शीर उठली. "सलोमीनं खोरं घिऊन मारला असता त्येला."

"मलाही तेच वाटलं," आदर्श म्हणाला. "सलोमीकाकूंनी कधी कुणाला भीती घातली नाही. आम्ही इथं आलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्या शेपू घेऊन आल्या. देणं लागतं म्हणून नव्हे. काका, द्यावंच लागतं असं नाही, एवढंच मी म्हणालो. देऊ नका, असं नाही म्हणालो."

गुंडू उठला. तो दारात चप्पल घालत असताना प्रियदर्शनीनं विचारलं, "काका, पुन्हा याल ना वाद घालायला?"

"बघू की," तो म्हणाला. पण दर बुधवारी जायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दहावी सरी भांगलून काढली. वांग्याची वेळ टळली होती. त्यानं शेपू पेरला. काटकी काही रोवली नाही.

मार्गशीर्षात हंगामाचा सण आला. देवळात वेदीपुढं ऊस, नारळ, तांदळाची पोती, भोपळे, अंडी, असं मंडळीनं आणलेलं सगळं मांडलेलं होतं. पिराजीनं आपल्या टेंपोतनं गुंडूला आणि त्याच्या दोन टोपल्यांना आणून सोडलं आणि तो फाटकाशी थांबला. गुंडूनं टोपल्या उचलून पुढं नेल्या. दर वर्षी हे काम सलोमी करायची आणि तो मागच्या बाकावर बसून, हाताची घडी घालून बघायचा. शेपूचा वास देऊळभर पसरला.

रिवाज असा, की घरातल्या एकानं आपल्या आणलेल्यावर प्रार्थना करायची. आदर्शनं त्याच्याकडे पाहिलं. गुंडूनं उभ्या जन्मात चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. तेही काम तिचंच. तो टोपलीशी उभा राहिला. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मंडळी थांबून राहिली. मागं कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याला कुणी बाहेर नेलं.

"देवा," गुंडू म्हणाला, आणि परत थांबला. मग एका दमात म्हणाला, "मागितलं न्हाईस, तरी आनलंय. घे."

तो मागं जाऊन बसला. आमेन म्हणायचं राहूनच गेलं. ते बायकांच्या बाजूनं बायडाबाईनं म्हटलं.

उपासना सुटल्यावर तो बाहेर आला. पिराजी फाटकाशी टेंपोला टेकून उभा होता.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणाला तुमचा द्येव?"

"काय म्हणतोय. घेतलं."

पिराजीनं मान हलवली. दोघं समोरच्या गाड्यावर चहाला गेले. गुंडूनं कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. देवळाच्या फाटकातनं बाहेर पडणाऱ्या बायकांकडे तो बघत होता, आणि चहावर साय धरली होती. पिराजीनं तोंड दुसरीकडे फिरवलं. रस्त्यावरनं जाणारी एकेक गाडी तो मोठ्या आस्थेनं न्याहाळत राहिला, आणि तिकडंच बघत चहावाल्याला म्हणाला, "ह्यांना दुसरा गरम दे रं."